धुरपताचा पाय

आमच्या बोरटोल्यात धुरपताच्या उंबऱ्यावर माणसं पालथी पडायची. मूल गावच्या बाजारात आमची सावली अंगावर पडली तर दोन पावलं मागं सरणारी, मिशीला पीळ देणारी माणसं. ती खालच्या आळीत यायची, सदरा काढायची आणि एका मांग बाईच्या दारात धुळीत तोंड घालून पडायची. कारण धुरपता पायाळू होती. आईच्या पोटातून तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की लचक जाते, उसण जाते, अशी आमच्या मुलखाची समजूत. रीत ठरलेली. छाती उंबऱ्यावर, डोकं बाहेर, पाय आत. पायाळूनं उजवी टाच तीनदा कमरेवर टेकवायची आणि तोवर कुणी बोलायचं नाही.

पाठ मोकळी झाली की हीच माणसं घरी जाऊन आंघोळ करायची. धुरपताच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. पाय चालत होता. मला तेव्हा याचा संताप यायचा. अजूनही येतो. पण मी जे लिहितो आहे ते त्यांच्याबद्दल नाही, आणि त्या दिवशी माझा संताप कुणाच्या कामी आला, तेही पुढं येईलच.

पाय हा तिच्या कामाचा सगळ्यात लहान भाग होता. खरं काम हाताचं. तिची आई सुईण होती. तिच्याकडून शिकलेलं आणि पुढं चाळीस वर्षं माणसांच्या अंगांवरून हात फिरवून स्वतः जमवलेलं. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून चिखलात भाताचं रोप लावायच्या आणि संध्याकाळी सरळ उभ्या राहता यायचं नाही, म्हणून तशाच वाकून तिच्या अंगणात यायच्या. ती त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खालून वर सरकवत न्यायची. कण्यावर कधीच दाबायची नाही. मग निरगुडीच्या पाल्यात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक. गाडीवानांच्या मानेला ती मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल लावायची आणि खांद्याची गाठ चिमटीत धरून थांबायची, गाठ आपणहून सुटेपर्यंत. मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणारे बाजारातले न्हावी तिला आवडत नसत. म्हणायची, "तो आवाज आयकून माणूस खुश होते. मान काई खुश होत नाई."

बाळंतिणीचं पोट ती पहिले पाच दिवस दाबत नसे. नुसते पाय आणि पाठ. सहाव्या दिवसापासून कोमट जवसाचं तेल, हलका हात, वरून लुगड्याची घट्ट पट्टी. हिवतापातून उठलेल्या माणसाच्या पोटऱ्या ठणकतात, झोप लागत नाही. त्याच्या तळपायांना ती तूप लावून काशाची वाटी घासायची. तूप काळं पडायचं आणि माणूस घोरायला लागायचा.

आणि कुणालाही हात लावायच्या आधी ती म्हणायची, "चालून दाखव." अंगणात दोन फेऱ्या. ती तुळशीजवळ बसून नुसती बघायची. ज्याचा सांधा सुजून तापला आहे, ज्याला बधिरी आहे, जो उंचावरून पडला आहे, त्याला ती परत पाठवायची. "हे मायं काम नाई. दवाखान्यात जा."

मी एकदा तिला झापलं होतं. "धुरपतामाय, तुया हातात येवढी विद्या हाये, मंग हे पायाचं ढोंग काऊन करतेस? काऊन त्यायच्या अंधश्रद्धेले खतपानी घालतेस?"

ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू सभेत बोलाच्या आधी डफडं काऊन वाजवतोस?"

"लोक जमावे म्हनून."

"मंग? पायाच्या नावानं माणूस अंग ढिलं सोडते. आखडलेलं अंग चोळून काई होत नाई, भाऊ. टाच टेकवाच्या आधी मी बोटानं सारी कंबर पाह्यली रायते. तुले वाटते मी डोळे मिटून लाथा मारते?"

मी उठून चालू लागलो. पण पटलं नव्हतं. माझी एक सवय आहे, समोरचा बरोबर बोलला की मला जास्त राग येतो.

आता लटारूचं सांगतो. लटारू हा तेल्याच्या घरातल्या रुखमाबाईचा एकुलता मुलगा. नवरा लवकर गेलेला, घाणा बंद पडलेला, म्हणून पोरगा जंगलतोडीच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, हमालीला जायचा. चोवीस वर्षांचा. पण गावात त्याची ओळख हमाल म्हणून नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडे दंडारी होतात, रात्रभर नाच आणि सोंगं. त्यात लटारू नाचायला उतरला की म्हातारी माणसंही घोंगडी सोडून उभी राहायची. वडशापर्यंतच्या मंडळ्या त्याला बोलवायच्या. चालताना त्याचे पाय साधे पडतच नसत. रुखमाबाई कुरकुरायची, "ह्याले पानी आनाले पाठवलं तं घागर घेऊन नाचत येते."

सन चोपन्न. होळीला आठ दिवस होते. कूपाजवळच्या डेपोवर सागवानाच्या ओंडक्यांची थप्पी रचत होते. खालची सडकी पाचर सुटली आणि वरचा ओंडका लटारूच्या पाठीवरून गेला. दुपारी बारा-एकच्या सुमारास त्याला बैलगाडीत तणसावर घालून आणलं. गाडी त्याच्या घरी गेली नाही. सरळ खालच्या आळीत, धुरपताच्या दारी आली. कुणाला तसं सांगावंही लागलं नाही. पाठीला मार लागला, म्हणजे पायाळूकडे.

बरोबर मुकादम गुणवंतराव होता. ठेकेदाराचा माणूस, पांढरी टोपी, पानानं लाल झालेलं तोंड. लटारूचा चुलतभाऊ पत्रू होता, आणखी दोघे हमाल होते. रुखमाबाई शेतातून पळत आली होती. मी मूलला सभेला निघालो होतो, आरडाओरडा ऐकून परत फिरलो.

धुरपतानं त्याला उतरवू दिलं नाही. स्वतः गाडीत चढली. कुशीवरही न करता, तणसातून पाठीखाली हात सरकवून तिनं पाठीचा मणी न् मणी चाचपला. एका जागी तिचा हात थांबला. मग ती पायांकडे सरकली आणि घरातून काशाची वाटी मागवली. डाव्या तळपायावर वाटी घासायला लागली. जोरात. कातडी लाल झाली.

"लटारू, कोन्त्या पायाले घासून राह्यली मी?"

लटारू आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "घासतेस काय मावशे? मले वाटलं तू अजून चालू नाई केलं."

रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला. धुरपताचा चेहरा हलला नाही. तिनं उजवा पाय घेतला. बराच वेळ वाटी फिरवली. "अंगठा हालव." काही नाही. "दंडारीत ठेका कसा धरतेस? पयला ठेका दे." आणि अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण हलला. मी पाहिला. पत्रूनंही पाहिला.

ती गाडीतून उतरली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे लचक नाई. हाड मोडलं हाये, पन आतली शीर अजून पुरी तुटली नाई. ह्याले वळवाचं नाई, उचलाचं नाई, बसवाचं नाई. फळीवर बांधून खांद्यावरून मूलले न्या. गाडीत नाई, गाडीचे धक्के बसतीन. तिथून आगगाडीनं चांद्याच्या दवाखान्यात. मी फळी देते."

फळी कुठली देणार? तिच्या घरात एकच फळी होती, दार. ती मागच्या बाजूला जाऊन पहार घेऊन आली आणि एकटीच स्वतःचं दार चौकटीतून उपसायला लागली.

तेवढ्यात गुणवंतराव बोलला. "अरे काय हाड न् शीर घेऊन बसले! बाई मानुस ते, तिले काय समजते? साधी उसण हाये. पाय लावून घ्या न् मोकळे व्हा, सांजेपर्यंत उठून बसते पोट्टा."

तो असं का बोलला ते मला लगेच कळलं. उसण असेल तर वर कळवायला नको. हाड मोडलं तर चौकशी. माझं डोकं भडकलं.

"मुकादम, कागद काढ," मी म्हणालो. "अपघात डेपोवर काम करताना झाला, पाचर सडकी होती, लिही न् सही कर. आत्ता. इथीच."

"तू कोन रे मले सांगनारा?"

"मी कोन ते तुले तुया ठेकेदार सांगन. कागद काढ."

"पैले पोट्ट्याले तं पाहू दे, भाऊ."

"तुले पोट्ट्याची काळजी? आज सडक्या पाचरीवर थप्पी कोनं रचाले लावली?"

मी बैलांची वेसण धरली आणि सही होईपर्यंत गाडी जाणार नाही म्हणून ओरडलो. गाडी जाणारच नव्हती. धुरपतानं मघाशीच सांगितलं होतं की खांद्यावरून न्यायचं. पण मी ऐकत होतो कुठं? सारी आळी आमच्याभोवती गोळा झाली. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. पन्नास माणसांसमोर मुकादमाची बोबडी वळत होती. शेवटी त्यानं खिशातून पेन्सिल काढली, तोडीच्या पासाच्या मागं चार ओळी लिहिल्या, सही केली. मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, एक शब्द बदलायला लावला.

तेवढ्या वेळात रुखमाबाई गाडीकडे गेली होती. आईचं मन, तिला हाड आणि शीर काय कळणार? तिला उंबरा दिसत होता. दार निघालेलं, त्याच्या बिजागऱ्या ठोकून काढायला धुरपता ते घरामागं घेऊन गेलेली, उंबरा मोकळा. जन्मभर तिनं त्या उंबऱ्यावर वाकडी माणसं पडताना आणि सरळ होऊन उठताना पाहिली होती. ती पत्रूला म्हणाली, "उचल रे बाप्पा त्याले. नुसता पाय लागू दे. मंग नेऊ कुठीबी." पत्रूनं अंगठा हललेला पाहिला होता, त्याला वाटलं, एवढं हलतंय तर पाय लागल्यावर आणखी हलेल. पत्रू आणि ते दोघे हमाल, असे तिघे मिळून त्यांनी लटारूला काखेत आणि मांड्यांत धरून उचललं, वळवलं आणि रीतीप्रमाणे उंबऱ्यावर पालथा घातला.

दोन हातांत दार धरून धुरपता घराच्या बाजूनं पुढं आली. तिनं पाहिलं. दार तिच्या हातातून पडलं, त्या आवाजानं आम्ही वळलो. ती किंचाळली नाही. नुसती म्हणाली, "काय केलं व माय!"

रुखमाबाईनं तिचे दोन्ही पाय धरले आणि उजवा पाय ओढून पोराच्या कमरेला लावला. लागला म्हणजे नुसता टेकला. धुरपतानं सगळा भार डाव्या पायावर घेतला होता, ती पडता पडता वाचली.

मग त्याला दारावर कसं घेतलं, कसं बांधलं, ते तिनंच केलं. सगळ्यांनी एकदम, डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत, ओंडका वळवावा तसं. बांधून झाल्यावर तिनं काशाची वाटी उजव्या तळपायावर फिरवली. "ठेका दे, लटारू."

"देल्ला ना," लटारू म्हणाला.

अंगठा हलला नव्हता.

आठ जणांनी आळीपाळीनं खांदा देत त्याला मूलला नेलं. तिथून छोट्या लाइनच्या गाडीनं चांद्याला. डॉक्टर भला माणूस होता. फोटो काढला, बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाला, पाय जातील. मग विचारलं, "याला मध्ये कुणी उपडा केला होता का?"  माझ्या खिशात सहीचा कागद होता. त्या कागदाचं पुढं काय झालं ते मी दुसरीकडे लिहिलं आहे, इथं तो विषय नाही. उपडा केला नसता तर अंगठा हलत राहिला असता का? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. धुरपताला मी हेच सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याले सांगता येत नसन. मले येते."

गावानं मात्र निकाल लावला. धुरपताचा पाय लागला आणि लटारू लुळा झाला. गुणवंतरावनं हे चार गावांत पसरवलं, पण पसरवायची गरज नव्हती. बाळंतिणींचं बोलावणं बंद झालं. लेकरं चोळायला तिच्याकडे देईनात. रोवणीच्या बाया वाकूनच घरी जायला लागल्या. कुणी बाई तिच्या दारावरून, म्हणजे दार नसलेल्या चौकटीवरून जाताना लेकराला पदराआड घ्यायची. दार लटारूच्या खाली होतं. दवाखान्यातून परत आणलं तेही त्यावरच, आणि पुढं तोच त्याचा पलंग झाला. धुरपतानं चौकटीला बांबूचा तट्टा बांधला.

लटारू घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती रुखमाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पाय नोको ठेवू माया घरात," रुखमाबाई म्हणाली.

"नाई ठेवत. अंगनात बसते. त्याले वळवलं का आज?"

"तुले काय करा लागते?"

"एका कुशीवर राह्यला तं कातडी सडते, बाई."

रुखमाबाईनं दार लावून घेतलं. धुरपता बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवशी बसली. पत्रूनं तिला हाकललं, ती रस्त्यापलीकडे बसली. चौथ्या दिवशी रुखमाबाई बाहेर आली, हातात मुंग्या लागलेली चादर होती. लटारूच्या कमरेखाली पैशाएवढी जखम पडली होती आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. रुखमाबाई दारातून बाजूला झाली. मांगाची बाई तेल्याच्या घरात आत गेली, माजघरापर्यंत. गावानं रुखमाबाईशी बोलणं टाकलं, ते वर्षभर.

त्यानंतर चार वर्षं, रोज दोनदा. त्या चोळण्याला काही नाव नव्हतं. आधी कातडी पाहायची, बोटभर जागाही न सोडता. लाल झालेल्या जागेला हात लावायचा नाही, तिथं चोळलं तर आतून फाटते. तिच्या भोवती फक्त. मग प्रत्येक सांधा, घोटा, गुडघा, खुबा, सावकाश पूर्ण फिरवायचा, नाहीतर पाय लाकडासारखे आखडतात आणि माणसाला लुगड्याच्या घडीसारखं दुमडून टाकतात. पोटावर उजवीकडून वर, तिथून आडवा, मग डावीकडे खाली असा तळहात फिरवायचा, म्हणजे कोठा साफ होतो. छातीत कफ दाटला की कुशीवर घेऊन ओंजळीच्या हातानं पाठीवर थापायचं, डफावर थाप द्यावी तसं. तेल टोरीचं, रुखमाबाई स्वतः गाळून ठेवायची.

मलाही तिनं शिकवलं. मी मागं लागलो म्हणून. माझे हात कडक. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, त्याच्या पोटरीले भाषन नोको देऊ. ते तुया सभेले आली नाई."

लटारू हसला. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा.

एकदा त्यानं माझ्यासमोर विचारलं. "मावशे, खरं सांग. पाय येतीन का मले?"

रुखमाबाई चुलीपाशी होती, तिचे हात थांबले. मला वाटलं धुरपता काहीतरी गोड बोलेल. बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

"नाई," ती म्हणाली.

"मंग चोळतेस काऊन रोज?"

"तुले सडू द्याचं नाई म्हनून."

लटारूनं बाहेरच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाला, "डाव्या कुशीवर घे मले. दंडारीची डफडी वाजून राह्यली, तिकडे तोंड कर." तिनं केलं. दिवाळीनंतरचे दिवस होते, दुपारी पोरं तालीम करत होती.

पाय लावायचं तिनं सोडलं ते कायमचं. एकदा गुणवंतरावच आला, कूपात घसरून त्याची कंबर धरली होती. निर्लज्ज माणूस, सदरा काढून उंबऱ्यावर पडायला लागला. मी तिथंच होतो, माझी मूठ वळली. धुरपता म्हणाली, "उठ. इथी आता कोनी पालथं पडत नाई. चालून दाखव." त्यानं दोन फेऱ्या मारल्या. तिनं त्याला भिंतीकडे तोंड करून बसवला आणि अर्धा तास अंगठे लावले. चांगले लावले. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्याच्या शेवटी लटारूची लघवी अडली, ताप चढला. चांद्याला न्यायचं ठरलं, पण नदीनाले भरलेले. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. दारावरच.

आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा तेल्यांची माणसं ओसरीवर जमली. मी उठून बाजूला होत होतो. कुणीतरी म्हणालंच, घरचे लोक पाहतील आता. रुखमाबाई आतून म्हणाली, "चार वर्सं ज्यानं हात लावला त्यानंच लावावा. तू बस, भाऊ. पत्रू, तूबी ये."

पत्रूनं चार वर्षांत लटारूला हात लावला नव्हता. तो आला, पण उभाच राहिला. समोरचं अंग धुऊन झालं. आता पाठ धुवायची, म्हणजे त्याला वळवायचं. पत्रू मागं सरकला. "मले नाई जमत भाऊ. मी नाई वळवत त्याले."

धुरपता अंगणात, पन्हाळीखाली उभी होती. पुरुषाची आंघोळ पुरुषांनीच घालायची, म्हणून आत येत नव्हती. तिथूनच म्हणाली, "खांदा न् खुबा संग धर, पत्रू. एकदम. मी सांगते तवा."

आम्ही धरलं. तिनं सांगितलं. आम्ही त्याला कुशीवर घेतला, एका रेषेत, आणि पाठ उजेडात आली. चार वर्षं निजून असलेल्या माणसाची पाठ मी सरकारी दवाखान्यात पाहिलेली आहे, हाड दिसतं. लटारूची पाठ स्वच्छ होती. कमरेखाली पैशाएवढा एक जुना पांढरा डाग, तेवढाच. ओसरीवरच्या लोकांनी माना पुढं काढून पाहिलं. पत्रू पाणी ओतत होता आणि तांब्या सारखा दारावर आपटत होता.

पाणी ओतून झालं. आम्ही त्याला परत सरळ करायला घेतलं. मी घाई केली. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं, म्हणून मी घाई केली आणि त्याचं डोकं मागं लटकलं.

"मान," धुरपता अंगणातून ओरडली. "मान धर, भाऊ. हळू."

मी मान धरली.